नातीचे नाव 'कियारा' ठेवावे का? नावांचे अर्थ नेमके शोधायचे कुठे?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात लातूरला आम्हाला नात झाली. बारसे येत्या रविवारी आहे. जन्मवेळ पाहून गुरुजींनी मृगशीर्ष नक्षत्राचा चौथा चरण, मिथुन रास आणि 'की' हे अक्षर काढून दिले. मी आणि सौ.ने 'कीर्ती' हे नाव धरून ठेवले होते, परंतु सूनबाईच्या मनात बाळंतपणाच्या आधीपासूनच 'कियारा' आहे आणि अक्षरही नेमके जुळून आल्याने तिचा आग्रह वाढला आहे.

माझी अडचण हट्टाची नाही. तेहतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, हजारो मुलांची नावे हजेरीपटावर लिहिली आणि प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी मुलांना आपापल्या नावाचा अर्थ विचारला. ज्या नावाचा अर्थ मलाच सांगता येत नाही ते घरातल्या मुलीला कसे द्यावे? मोबाइलवर शोधले, तर एका ठिकाणी 'देवाची देणगी', दुसऱ्या ठिकाणी 'तेजस्वी' आणि तिसऱ्या ठिकाणी 'काळ्या केसांची' असा अर्थ निघाला. एकाच शब्दाचे इतके परस्परविरोधी अर्थ कसे असतील?

माझे मत आधीच सांगून ठेवतो. नाव आपल्या भाषेतले, आपल्या मातीतले असावे. माझी आई गावी असते, तिचे वय ८८ आहे, आणि पणतीला हाक मारताना तिची जीभ अडखळू नये एवढी माझी अपेक्षा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शब्दवेल्हाळ

मांजराकाठ सर, प्रथम आपले सर्वांचे अभिनंदन.

तीनपैकी दोन अर्थांना आधार आहे आणि ते दोन वेगळ्या भाषांतून आले आहेत. इटालियन भाषेत 'कियारा' हे जुने, रुळलेले नाव आहे. ते लॅटिनमधल्या 'क्लारा' या शब्दापासून आले असून त्याचा अर्थ उजळ, स्वच्छ, तेजस्वी असा होतो. तेराव्या शतकातली असिसीची संत क्लारा ही तिच्या स्वतःच्या भाषेत कियाराच होती. दुसरा धागा आयर्लंडचा आहे. आयरिश भाषेत 'किअर' म्हणजे काळा, सावळा, आणि त्यावरून मुलीचे 'कीरा' व मुलाचे 'कीरान' ही नावे झाली. रोमन लिपीत ही दोन्ही नावे जवळजवळ सारखी दिसू लागली आणि याद्या तयार करणाऱ्यांनी दोघींचे अर्थ एकाच खाली लिहून टाकले. 'देवाची देणगी' या अर्थाला मात्र दोन्ही भाषांत आधार नाही. ज्या नावाचा अर्थ लागत नाही त्यापुढे हाच अर्थ टाकून देण्याची या याद्यांना सवय आहे.

म्हणून अर्थ शोधताना आधी विचारावे की हे नाव कोणत्या भाषेत बोलले गेले, आणि मग त्या भाषेच्या कोशात तो शब्द आहे का ते पाहावे. नावाला अर्थ त्याच्या भाषेकडून मिळतो, यादीकडून मिळत नाही.

रोजची वाचक

नऊ महिने जिने वाढवले तिच्या मनातल्या नावाला थोडे झुकते माप द्यावे, असे मला मनापासून वाटते.

बालाघाट

मी मांजराकाठ सरांच्या बाजूचा आहे. आमच्या बीड जिल्ह्यातल्या गावात माझ्या आजीच्या पिढीतल्या बायकांची नावे घ्या. गयाबाई, प्रयागबाई, काशीबाई, मथुराबाई, द्वारकाबाई, अयोध्याबाई. ज्यांच्या आईबापांना आयुष्यात परळी वैजनाथच्या पलीकडची यात्रा घडली नाही, त्यांनी लेकींच्या नावात सगळी तीर्थे घरी आणून ठेवली होती. दारात उभे राहून 'ए प्रयागे' अशी हाक मारली की त्या माउलीच्या तोंडून तीर्थाचा उच्चार होत असे. नाथांच्या गडांमुळे आमच्याकडे मच्छिंद्र आणि गहिनीनाथ आहेत, औंढ्यामुळे नागनाथ आणि नागोराव आहेत, तुळजापूरमुळे तुळजाराम आणि अंबादास आहेत, माहूरमुळे रेणुकादास आहेत. नाव ऐकले की त्या घराचे कुलदैवत कळते. कियारा ऐकून काय कळेल?

शब्दवेल्हाळ

बालाघाट, आपण फार सुंदर लिहिले आहे. आपल्या तीर्थनावांना दूरच्या स्पेनमध्ये बहिणी आहेत. तिकडे आणि मेक्सिकोत ग्वादालूपे, पिलार, लूर्देस ही मुलींची नावे असतात आणि ती सगळी मेरीमातेच्या देवस्थानांवरून आलेली आहेत. 'मेर्सेदेस' हेही तिचेच विशेषण असून त्याचा अर्थ कृपा असा होतो. प्रसिद्ध मोटारीला ते नाव एका उद्योजकाच्या मुलीवरून मिळाले. काशीबाई आणि ग्वादालूपे या दोघींच्या आईबापांची भावना एकच आहे.

जुने दफ्तर

महसूल खात्यात उमेदीची वर्षे गेली आणि निजामकाळातल्या नोंदी वाचण्याची वेळ वारंवार आली, म्हणून 'आपल्या मातीतले नाव' या शब्दांवर थोडे सविस्तर लिहितो.

मराठवाड्यातल्या कोणत्याही गावच्या जुन्या खातेदारांची यादी वाचा. साहेबराव, हैबतराव, दौलतराव, हिंमतराव, गुलाबराव, रुस्तुमराव, फकिरराव. यांतला साहेब अरबी, हैबत अरबी (अर्थ दरारा), दौलत आणि हिंमतही अरबीच. गुलाब हा फारसी शब्द 'गुल' आणि 'आब' मिळून झाला आहे, म्हणजे मुळात फुलाचे पाणी. रुस्तुम हा इराणच्या वीरगाथेतला महायोद्धा. या सगळ्यांच्या शेवटी असलेला 'राव' मात्र संस्कृत 'राजन्' शब्दाचे प्राकृतातून झिजत आलेले रूप आहे. एकाच नावात अर्धी अरबस्तानची आणि अर्धी आपली माती, आणि तरीही साहेबरावांना कोणी परके म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. वेरूळच्या मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरील श्रद्धेमुळे आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही हकिगत तर आपण सर्वजण शाळेपासून ऐकत आलो आहोत.

आता दफ्तरातली एक गोष्ट. निजामाच्या राज्यात सरकारी नोंदी उर्दूत होत आणि उर्दू लिपीत 'ण' आणि 'ळ' यांसाठी अक्षरे नाहीत. त्यामुळे घरातला नारायण कागदावर नारायन झाला, कमळाबाई कमलाबाई झाली आणि बाळाजी बालाजी झाला. १७ सप्टेंबर १९४८ नंतर कारभार हळूहळू मराठीत आला तेव्हा कारकुनांनी उर्दू नोंदींवरून नावे पुन्हा देवनागरीत उतरवली, आणि ज्यांचा 'ळ' एकदा गेला त्यातल्या कित्येकांचा तो परत आलाच नाही. माझ्या स्वतःच्या आजोबांचे नाव सात-बारावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि घरात तिसरे होते. वारसा लावताना त्या एका अक्षरापायी माझ्या वडिलांना दोन वर्षे एका कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागले. म्हणून माझी सूचना एवढीच आहे की नाव कोणतेही ठेवा, परंतु देवनागरीत ते कसे लिहायचे हे आधी ठरवा.

सीमेवरचा

मी देगलूरकडचा. आमच्याकडे तीन भाषा एका बाजारात भाजी विकतात, त्यामुळे माणसांची नावेही तशीच आहेत. शाळेत माझ्या वर्गात पाच बालाजी होते आणि गुरुजी त्यांना गावाच्या नावाने हाक मारत. व्यंकट, व्यंकटराव, गोविंद आणि तिरुपती ही नावे आंध्रातल्या त्या एकाच डोंगरावरून आमच्या गावांत उतरली आहेत. 'तिरु' म्हणजे तमिळमध्ये पवित्र, श्री या अर्थाचा शब्द, त्यामुळे तिरुपती आणि श्रीपती ही एकाच अर्थाची नावे झाली. पोचम्मा देवीवरून पोशट्टी आणि यल्लम्मावरून यल्लप्पा ही नावे आमच्या तालुक्यात घरोघर आहेत, पण तीच सांगितल्यावर लातूरच्या वसतिगृहातली मुले हसत असत आणि मला त्याचे फार वाईट वाटे.

खंडोबाचे तर बघाच. माळेगावच्या यात्रेत मराठी माणूस मल्हारी, खंडू किंवा मार्तंड नावाचा भेटतो, कर्नाटकातून आलेला मैलारी असतो आणि तेलंगणातून आलेला मल्लय्या असतो, कारण तोच देव कानडीत मैलार आणि तेलुगूत मल्लण्णा आहे. लिंगायत घरांतले बसवराज हे नाव घेतले, तर 'बसव' हे संस्कृत 'वृषभ' शब्दाचे कानडीने घडवलेले रूप आहे. म्हणजे संस्कृतातला शब्द कानडीत गेला, तिथे त्याने वेश बदलला आणि नव्या रूपात मराठी घरी पाळण्यात झोपला.

मांजराकाठ

सर्वांचे आभार. जुने दफ्तर यांचे लेखन मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. मात्र 'काळी' हा अर्थ ऐकून सौ. नाराज झाली आहे. लेकराला काळी म्हणायचे का, असे तिने विचारले आणि मला लगेच उत्तर देता आले नाही.

पाणचक्की

मी छत्रपती संभाजीनगरला उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. नावांच्या याद्यांबद्दल शब्दवेल्हाळ सरांनी जे लिहिले ते आमच्याकडेही तितकेच खरे आहे, कारण हल्ली अरबी वाटणारी, परंतु अरबीत नसलेली नावे सर्रास ठेवली जातात.

अरबी नावे ओळखण्याची किल्ली तीन व्यंजनांच्या धातूत असते. स-ल-म हा धातू घ्या, ज्यात शांती आणि सुखरूपपणा आहे. त्यातून सलीम, सलमा, अस्लम आणि सलाम निघाले. हिब्रूतला 'शालोम' त्याचाच भाऊ, म्हणून सुलेमान आणि सॉलोमन हे एकच नाव आहे. ह-म-द म्हणजे स्तुती, त्यातून हमीद, अहमद, महमूद. क-र-म म्हणजे औदार्य, त्यातून करीम, अक्रम, इकराम, आणि मराठीतली 'करामत'सुद्धा. एखाद्या नावात असा धातू सापडला नाही, तर मी पालकांना विनम्रपणे सांगते की हे नाव गोड आहे, पण अरबी नाही.

फारसी नावांचे वेगळे. ती आपल्या फार जवळची आहेत. शबनम म्हणजे दव. 'शब' म्हणजे रात्र आणि 'नम' म्हणजे ओलावा. हा 'शब' आणि संस्कृतातला रात्रवाचक 'क्षप्' एकाच मुळाचे आहेत. परवीन म्हणजे आकाशातला कृत्तिकांचा पुंजका. माझ्या वर्गात एकदा परवीन आणि शेजारच्या मराठी शाळेत कृत्तिका अशा दोन मुली वक्तृत्वाच्या स्पर्धेला एकत्र आल्या होत्या. दोघींचे नाव एकच आहे हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्या दिवसभर एकमेकींचा हात सोडायला तयार नव्हत्या.

बालाघाट

पाणचक्की ताई, आपला तो प्रसंग वाचून बरे वाटले. तरीही माझे म्हणणे मी मागे घेत नाही. साहेबराव, बसवराज, शबनम ही नावे माणसांबरोबर आली. कोणी पिराला नवस बोलले, कोणी तिरुपतीला पायी गेले, कोणी शेजाऱ्याच्या मुलाचे नाव आवडले म्हणून ठेवले. दोन घरे शंभर वर्षे एका बांधाला बांध लावून राहिली की नावे इकडची तिकडे जातात. कियारा हे नाव मात्र आमच्या गावात कोणा इटालियन शेजाऱ्याकडून आलेले नाही, ते पडद्यावरून आले आहे. उसने आणणे आणि रुजणे यांत फरक आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

दुधनाकाठ

बालाघाट दादांच्या या मुद्द्याचा मी बरेच दिवस विचार करत आलो आहे, कारण आम्ही जालन्याच्या ख्रिस्ती समाजातले. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली आणि आमच्या पूर्वजांनी पुस्तकातली नावे घेतली. ती नावेसुद्धा शेजाऱ्यांकडून आलेली नव्हती. योहान हे हिब्रू 'योहानान', म्हणजे परमेश्वर कृपाळू आहे. त्याचेच इंग्रजीत जॉन, स्पॅनिशमध्ये हुआन, रशियनमध्ये इव्हान, आयरिशमध्ये शॉन आणि अरबीत यह्या झाले. याकोब म्हणजे याकूब, आणि जेम्सही तोच. मरियमची मेरी आणि मारिया झाली. प्रत्येक भाषेने ही नावे आपल्या तोंडात घोळवून आपलीशी केली. मराठीनेही केली, म्हणून आमच्याकडे डेव्हिड नव्हे तर दाविद, आणि सॅम्युअल नव्हे तर शमुवेल आहे.

आणि काही ठिकाणी उसने न घेता मराठीने स्वतःचे नाव घडवले. माझ्या आजोबांचे नाव शांतवन होते. सांत्वन, दुःखात दिलेला धीर, असा त्याचा अर्थ. हिब्रूत नहूम आणि मेनाहेम या नावांचा अर्थ हाच आहे, परंतु शांतवन हे संपूर्ण मराठी नाव आहे आणि ते मराठी ख्रिस्ती घरांतच सापडते. रुजायला किती काळ लागतो असे विचाराल, तर आमच्या घरात एका पिढीत रुजले.

शब्दवेल्हाळ

दुधनाकाठ यांनी दाखवलेली वाट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण जगभरची नावे एकमेकांना तीन प्रकारे भेटतात आणि आपण त्यांत गल्लत करतो.

पहिला प्रकार अर्थ एक आणि शब्द वेगळे. आपला देवदत्त घ्या. देवाने दिलेला. पारशांचा खोदादाद तोच, ग्रीकांचा थिओडोर तोच, रशिया-सर्बियाकडचा बोगदान तोच, हिब्रूतला नथानिएलही तोच. ज्या आईबापांना वाट पाहून मूल झाले त्या सर्वांना हेच सुचले.

दुसरा प्रकार रक्ताच्या नात्याचा. सुजाता आणि यूजीनिया या दोन नावांत 'सु' आणि ग्रीक 'यू', 'जन्' आणि 'जेन' हे एकाच मूळ भाषेतून फुटलेले अंकुर आहेत, आणि दोन्हींचा अर्थ चांगल्या कुळात जन्मलेली. अमृत आणि युरोपातला ॲम्ब्रोज, दोघेही 'न मरणारे', आणि दोघांची घडणही तीच. इराणचा सम्राट ज्याला ग्रीकांनी दरायस म्हटले आणि पारशी ज्याला दारा म्हणतात, त्याचे मूळ नाव संस्कृतात जवळपास 'धारयद्वसु', म्हणजे चांगले ते धारण करणारा, असे वाचता येते. पारशी बेहराम हा मुळात अवेस्ता या त्यांच्या धर्मग्रंथातला 'वेरेथ्रघ्न', म्हणजे आपला वृत्रहन्, वृत्राला मारणारा. ही चुलत भावंडे हजारो वर्षांनी ओळख पटावी तशी भेटतात.

काही वेळा भाषांतराऐवजी प्रवासच होतो. अलेक्झांडर, म्हणजे माणसांचे रक्षण करणारा, अरबांपर्यंत पोहोचला तेव्हा त्यांना सुरुवातीचे 'अल्' हे आपले उपपद वाटले. ते वेगळे काढून उरलेल्या भागातून इस्कंदर आणि पुढे सिकंदर झाला. मराठवाड्यातल्या गावोगावच्या सिकंदरांच्या नावात ग्रीक योद्धा असा अर्धा राहिलेला आहे.

तिसरा प्रकार निव्वळ योगायोगाचा, आणि इथेच जपून चालावे लागते. आपली शीला संस्कृत 'शील' या शब्दातली आहे, तर आयर्लंडची शीला ही लॅटिन सेसिलियाचे बदललेले रूप आहे. दोघींचे काहीही नाते नाही. आपल्याकडे अण्णा म्हणजे मोठा भाऊ, कानडी-तेलुगूतही तेच, आणि युरोपातली ॲना ही हिब्रू 'हन्ना', म्हणजे कृपा. अनिता हे नाव तर आपण संस्कृत समजतो, परंतु स्पॅनिशमध्ये ते त्याच ॲनाचे लाडाचे रूप आहे, आणि आपल्याकडे ते विसाव्या शतकात लोकप्रिय झाले तेव्हा सुनीता-विनीताच्या शेजारी इतके चपखल बसले की कोणाला शंका आली नाही.

रोजची वाचक

माझ्या आईचे नाव अनिता आहे आणि ती आयुष्यभर स्वतःला अस्सल मराठी नावाची समजत आली आहे. तिला आज फोन करून हे सांगितले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली की आता पन्नास वर्षे झाली, आता ते माझेच आहे.

गोदेची लेक

मी गंगाखेडची, जनाबाईंच्या गावची. इतका वेळ सर्वजण सुंदर अर्थांवर बोलत आहेत, म्हणून ज्या नावांना मुद्दाम वाईट अर्थ दिला गेला त्यांच्याबद्दल लिहिते.

माझ्या आजोबांचे नाव दगडू होते. त्यांच्या आधीची तीन भावंडे वर्षाच्या आत गेली होती. पणजीने या लेकराला जन्मताच उकिरड्यावर ठेवले, शेजारणीने उचलून आणले आणि पणजीने तिला मूठभर जोंधळे देऊन ते परत विकत घेतले. यमाची आणि दृष्टीची नजर पडू नये म्हणून नाव दगडू. धोंडिबा, केरबा, कचरू, उकंडा, भिका, फकिरा ही सारी नावे अशाच घाबरलेल्या आयांनी ठेवलेली आहेत. मंगोलियात 'नेरगुई' असे नाव असते, त्याचा अर्थ 'बिननावाचा', आणि 'खुनबिश', म्हणजे 'माणूस नव्हे'. कारण तेच. तुर्कस्तानात 'दुरसुन' म्हणजे 'राहू दे याला'. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला पणजी आठवली आणि डोळे भरून आले.

परंतु मुलींची नकोशी ही नावे त्या मायेतली नाहीत. तुर्कीत 'येतेर', म्हणजे 'पुरे', आपल्याकडे नकुशा. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८० हून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलली गेली आणि त्यांनी स्वतः नवी नावे निवडली. ज्यांना कियारा हे नाव खटकते त्यांना माझे मनापासून सांगणे आहे की त्या घरात आई मुलीसाठी नाव शोधते आहे, निवडते आहे, त्यासाठी भांडते आहे. आमच्याकडे हे भाग्य प्रत्येक मुलीला मिळाले नाही.

आणि मिळालेले नावही टिकले नाही. माझी आई माहेरी शेवंता होती. लग्नात ताटभर तांदळात अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले आणि त्यानंतर तिला शेवंता म्हणणारे माणूस वर्षातून एकदाच, नागपंचमीला माहेरी गेल्यावर भेटत असे. मामा वारले त्या दिवशी ती रडताना एवढेच म्हणाली की आता ते नाव घेणारे कोणी राहिले नाही.

बालाघाट

गोदेची लेक, आपल्यापुढे माझे शब्द संपले. सूनबाईंनी आवडीचे नाव ठेवावे.

पैठणचा घाट

आईच्या नावाचा विषय निघालाच आहे, तर आमच्या गावाबद्दल सांगितलेच पाहिजे. पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. त्या राजांनी स्वतःला गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी म्हणवून घेतले. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे, त्यात तिने आपल्या मुलाचे पराक्रम सांगितले आहेत, आणि तो मुलगा आईच्या नावानेच इतिहासात ओळखला गेला. त्यानंतर दीर्घ काळ आपल्याकडे मुलाच्या मागे बापाचे नाव लावायची रीत राहिली.

मांजराकाठ सर, आपल्याला उपयोगी पडेल अशी गोष्ट म्हणजे महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत बाळाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. त्यामुळे आपल्या नातीच्या नावाच्या लगेच मागे तिच्या आईचे नाव येईल. दोन्ही नावे सलग उच्चारून पाहा. जन्मनोंदीत नाव घालण्यासाठी घाई करण्याचेही कारण नाही. वर्षाच्या आत ते विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते.

जुने दफ्तर

पैठणचा घाट यांनी योग्य सांगितले. फक्त 'कियारा'चा 'कि' ऱ्हस्व की दीर्घ हे एकदाच ठरवा, आणि जन्मदाखला, आधार व शाळा या तिन्ही ठिकाणी तोच ठेवा.

मांजराकाठ

मंडळी, काल बारसे झाले, म्हणून सविस्तर कळवतो.

शनिवारी रात्री आई गावाहून आली. सूनबाईने या चर्चेतला शब्दवेल्हाळ यांचा पहिला प्रतिसाद मोबाइलवर काढून तिला वाचून दाखवला. आईला इटली कळली नाही आणि आयर्लंडही कळले नाही. नावाचा अर्थ एका मुलखात उजेड आणि दुसऱ्या मुलखात काळी असा होतो, एवढे तिच्या लक्षात आले. आमच्या सौ.ने लगेच काळीचा विषय टाळायचा प्रयत्न केला. आईने तिला थांबवले. तिने बाळाचा हात आपल्या हातात घेतला, दोघींच्या मनगटांचा रंग शेजारी शेजारी धरून पाहिला आणि म्हणाली, "काळी म्हंजे किस्नाच की. मंग माजंच नाव ठिवलं म्हना तुमी."

माझ्या आईचे नाव कृष्णाबाई आहे. तेहतीस वर्षे मी मुलांना नावांचे अर्थ विचारले आणि हा अर्थ इतके दिवस डोळ्यांसमोर असताना माझ्या लक्षात आला नाही.

रविवारी सकाळी घुगऱ्या शिजल्या. बायकांनी पाळण्याच्या खालून-वरून 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बाळाला फिरवले. आत्याने वाकून बाळाच्या कानात कुर्र केले, बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत बुक्क्या घातल्या, आणि तिने आधी 'कृष्णा' व मग 'कियारा' अशी दोन नावे सांगितली. पहिले पाळण्यातले, दुसरे दाखल्यावरचे, ऱ्हस्व 'कि' लिहून. आईला 'कियारा' म्हणता येईल की नाही याची मला काळजी होती. ती 'केरा' म्हणते. शब्दवेल्हाळ, आयरिश लोक साधारण असेच म्हणतात ना?